डिस्प्लेला कुलूप

सोमवारी दुकानाचं शटर वर जाऊन अर्धा तासही झाला नव्हता. विनीतशेठने परत आलेल्या चौदा साड्या गादीवर टाकल्या आणि निलेशला म्हणाला, "मोज. एका आठवड्याचा माल आहे हा."

निलेश साड्या मोजायला आला नव्हता. तो कॉम्प्युटरवाला. हिंदमातापासून रे रोडपर्यंत वीस-बावीस ठिकाणची मशीनं तो सांभाळायचा. पण शेठचा चेहरा बघून त्याने बॅग खाली ठेवली.

"फोटोत जांभळी, घरी पोचली मरून," शेठ एकेक साडी उचलून आपटत होता. "फोटोत मोरपंखी, पार्सल उघडलं तर हिरवीगार. बायका फोनवर काय काय बोलतात मला माहितीय? कालची एक म्हणाली, तुमच्याकडे रंग बघायला कोण बसवलाय?"

दुकानाचा अर्धा धंदा आता फोटोवर चालायचा. वर पोटमाळ्यावर एक कॅमेरा, दोन लाइट आणि एक कॉम्प्युटर. सकाळी मेघना फोटो काढायची. बावीस वर्षांची पोरगी, लालबागची, तोंडाने फटकळ, हाताने साफ. दुपारी ती खाली पार्सलं बांधायला उतरली की लवूकाका वर जायचे. साडी मांडीवर, फोटो समोर. फोटोचा रंग साडीशी जुळला की पास, नाही जुळला तर जुळवायचा. ते पास बोलल्याशिवाय एकही फोटो बाहेर जायचा नाही.

"कोणीतरी स्क्रीनशी खेळतंय," शेठ म्हणाला. "गुरुवारी मी चार वाजता वर गेलो. काका चहाला खाली आलेले. बघतो तर स्क्रीन पिवळी धमक! हळद लावल्यासारखी. मेघनाला विचारलं तर म्हणे, मला नाही माहीत. दुसरं कोण आहे वर?"

"लवूकाका पण बसतात ना."

शेठ हसला. तेवढ्या वेळात पहिल्यांदा. "काय बोलतोस? माझ्या बापाने त्या माणसाला इथे बसवला. काकांवर संशय घेऊ मी?"

निलेशलाही हसू आलं. स्वतः बोलला त्याची त्यालाच लाज वाटली.

"तू असं कर," शेठ म्हणाला. "डिस्प्लेच्या सेटिंगला कुलूप लाव. रंग, उजेड, पिवळं, निळं, कोणालाच हात लावता आला नाही पाहिजे. आणि कोण करतं त्याचं नाव मला शनिवारपर्यंत सांग. नाव मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर मेघनाचा हिशोब करून मोकळा होतो मी."

---

निलेशने नववीत शाळा सोडली. वर्गात बसलं की त्याचे पाय आपोआप हलायचे, मास्तर खडू फेकून मारायचे, एक दिवस त्याने तोच खडू उचलून परत मारला आणि दप्तर घेऊन निघून आला. बापाने पट्टा काढला. मग निलेश तीन दिवस घरी गेलाच नाही, डिलाईल रोडला चाळीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे झोपला.

समोरच्या खोलीतले लवूकाका तिथे डबा घेऊन आले. उपदेश नाही, काही नाही. त्याने डबा संपवला तसे म्हणाले, "चल." चालत थेट लॅमिंग्टन रोड. तिथे एका रिपेरिंगवाल्याच्या दुकानात त्याला उभा केला. "ह्याका काम शिकव. चोरी केल्यान तर माका सांग, मी बघतंय. काम येणा नाय म्हणून मारलंस तर तुका बघतंय."

निलेश आता पंचवीसचा. त्याच्या बॅगेत आज दोन लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हरचा अख्खा सेट असतो तो त्या एका दुपारमुळे. काकांबद्दल कोणी वाकडं बोललं की त्याचं डोकं फिरायचं. गॅलरीत एकाने काकांना थेरडा म्हटलं होतं. त्या माणसाच्या भुवईवर अजून तीन टाक्यांची खूण आहे.

आणि लवूकाका म्हणजे तरी कोण? गिरणीत रंगखात्याला बावीस वर्षं. ओल्या कापडाचा तुकडा घेऊन पोरगे धावत यायचे. काका तो खिडकीशी न्यायचे. खिडकी उत्तरेचीच पाहिजे, तिथे ऊन येत नाही, उजेड येतो. दोन श्वास बघायचे. "पास." नाहीतर, "परत." बस. एकदा त्यांनी अख्ख्या पाळीचा माल परत पाठवला. साहेब ओरडत खाली आला, स्वतः खिडकीशी उभा राहिला, आणि काही न बोलता जिना चढून गेला.

गिरणी बंद पडली. मग काका सहा-सात वर्षं कुठल्याशा बिल्डिंगीच्या गेटवर बसले. पोरीच्या लग्नाची साडी घ्यायला हिंदमाताला आले आणि सेल्समनला म्हणाले, "बाबा, हा ब्लाऊजपीस ह्या साडीचा नाही. रंगाच्या दुसऱ्या घाण्यातला आहे." सेल्समन भांडायला लागला. विनीतशेठचा बाप गल्ल्यावरून उठला, दोन्ही तुकडे घेऊन रस्त्यावर गेला, उजेडात बघितले. परत आला तो काकांना नोकरी देऊनच.

त्या माणसावर संशय? छे.

---

निलेश पोटमाळ्यावर गेला तेव्हा मेघना स्टँडवर साडी लावत होती.

"आलास? फाशीची दोरी घेऊन?"

"मी फक्त सेटिंग लॉक करतोय."

"कर ना. लवकर कर. मला पण बघायचंय कोण तडफडतं ते."

निलेशने खुर्ची ओढली. कॉम्प्युटर एकच, त्यात खातंही एकच, नाव 'दुकान'. कोणीही यायचं, बसायचं. त्याने आपल्या लपवलेल्या ॲडमिन खात्यातून आत शिरून पॉलिसी उघडली, कोणाला काय बदलता येईल ते ठरवायचं पान. डिस्प्लेचं पान गायब. रात्रीचा पिवळा उजेड चालू करायचं पान गायब. कोपऱ्यात त्याचं छोटं बटण असतं, तेही काढलं. मॉनिटरच्या पोटाखाली चार बटणं असतात, कुलूप लावताना लोक ती विसरतात. निलेश विसरला नाही. मेनूचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, स्क्रीनवर कुलपाचं चित्र आलं.

"झालं?" मेघनाने विचारलं.

"झालं. आता देवाला पण ब्राइटनेस कमी करता येणार नाही."

ती हसली नाही. "निलेश, तू काम चांगलं करतोस. डोकं पण तसंच चालव."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी बोलले तर मी वाईट." तिने लाइट चालू केला आणि त्याच्याकडे पाठ केली.

---

मंगळवारी दुपारी निलेश रे रोडला एका लाकडाच्या वखारीत होता. तिथला प्रिंटर भुशाने गच्च भरलेला. तोंडाला रुमाल बांधून तो साफ करत बसला असताना फोन वाजला. दुकानाचा नंबर.

"झिला, मी बोलतंय."

"बोला काका."

"ता बटण खय गेला?"

"कुठलं बटण?"

"अरे, ता खालच्या कोपऱ्यातला. चंद्राचा चित्र होता बघ. ता दाबला की स्क्रीन मऊ होता. आज दिसणाच नाय. त्या पोरीन काय केल्यान काय?"

निलेशच्या हातातला ब्रश थांबला. वखारीतली करवत चालू होती, तिच्या आवाजात त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण चुकीचं ऐकलं नव्हतं. अख्ख्या दुकानात त्या बटणाची आठवण एकाच माणसाला आली होती.

"काका, कोणाला काही बोलू नका. मी येतो."

प्रिंटर तसाच उघडा टाकून त्याने बाईक काढली. वखारवाला मागून ओरडत राहिला. सिग्नलला थांबला तेव्हा हेल्मेटच्या आत त्याला घाम फुटला होता. डोक्यात एकच गोष्ट. शेठला नाव पाहिजे. आणि नाव हे आहे.

काका पोटमाळ्यावर एकटेच बसले होते. स्क्रीनकडे तोंड, पण डोळे अर्धे मिटलेले. गालावरून पाणी येत होतं, ते धोतराच्या टोकाने पुसत होते. मांडीवर मरून साडी.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"हे पाणी."

"अरे, पांढरा लय मारता डोळ्यात. सुई घातल्यासारख्या होता. त्या पोरीनच एकदा दाखवल्यान, काका, ह्या दाबा, डोळ्यांक बरा वाटता. माका बरा वाटला. काम झाला की मी परत बंद करतंय. आपला हत्यार आपण जाग्यावर ठेवूक व्हया."

निलेशने स्क्रीन बघितली. कालच लॉक केलेली, स्वच्छ. त्यावर काकांनी गेल्या आठवड्यात पास केलेला फोटो. त्याने मांडीवरची साडी बघितली. परत फोटो बघितला. फोटो जांभळा होता. जांभूळ पिळल्यासारखा जांभळा.

त्याला सगळं एका झटक्यात कळलं. पिवळ्या स्क्रीनवर निळा रंग मरतो. काका तो वाढवत बसायचे, डोळ्यांना साडीशी जुळेपर्यंत. मग पिवळं बंद, फोटो बाहेर, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मरून साडी जांभळी होऊन उतरायची. पण नुसतं तेवढंच नव्हतं. आत्ता स्क्रीन पिवळी नव्हती. आत्ता तो फोटो आणि ती साडी शेजारी शेजारी होत्या, आणि काका काहीच बोलत नव्हते.

"काका, हा फोटो कसा वाटतो?"

"कसो म्हणजे? मीच पास केलंय ना."

"डोळे दाखवूया का एकदा?"

काकांनी त्याच्याकडे बघितलं. ते बघणं निलेशला आवडलं नाही. "डोळे दाखवले की चश्मो, चश्मो झालो की ऑपरेशन. आणि शेठाक कळला की शेड बघणाऱ्या माणसाचे डोळे गेले, तर माका हयसर ठेवतलो कित्याक? साडयेच्या घड्यो घालूक? माझे डोळे बरे हत. खाली दुकानात बरा दिसता माका. फक्त ह्या पांढऱ्यान त्रास होता. तू तेवढा बटण माका परत दी."

निलेशने सांगायला पाहिजे होतं. 'काका, फोटो जांभळा आहे.' चार शब्द. जीभ उचललीच नाही. त्याला टाकीमागचा डबा आठवत होता. या माणसाला आपण सांगायचं की तुझा शेड चुकतोय?

मग त्याने जे केलं ते त्याला तेव्हा एकदम बरोबर वाटलं. कॉम्प्युटरमध्ये दुसरं खातं उघडलं. नाव 'लवू'. पासवर्ड नाही, कारण काकांना टाइप करायला दहा मिनिटं लागतात. कुलूप 'दुकान' खात्याला, 'लवू' मोकळं. मॉनिटरची बटणं बंदच राहिली. "काका, दुपारी आलात की इथे दाबायचं, आपलं नाव आलं की त्यावर दाबायचं, मग चंद्र दिसेल. जाताना परत इथे. कोणाला बोलायचं नाही."

"मी कोणाक बोलतंय?" काका खूष. "हुशार हस रे तू. शाळेत गेलं असतंस तर वाया गेलं असतंस."

खाली उतरताना जिन्यात मेघना उभी होती. हातात पार्सलाची टेप.

"कळलं ना तुला?"

निलेश बाजूने उतरायला लागला, ती हलली नाही.

"मी पहिल्याच आठवड्यात काकांना बोलले होते. काका, निळं जास्त होतंय. ते म्हणाले, तुझं वय काय, माझी खिडकी किती वर्षांची. खालचे सगळे हसले मला. त्यानंतर मी तोंड बंद ठेवलं."

"शेठला का नाही सांगितलंस?"

"शेठ मानेल? तू मानलं असतंस? काल मी तुला सांगितलं असतं तर मला कानफटवलं असतंस तू." तिने टेप फाडली. "तो म्हातारा मला पण आवडतो रे. डब्यातला पहिला घास मला देतो. पण शनिवारी माझी नोकरी जाणार आणि तू वर काय करून आलास?"

"काही नाही. बघतो मी."

"बघ हां. चांगलं बघ. तुझे तरी डोळे बरे आहेत."

---

बुधवार गेला. गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर काका गॅलरीत बसले होते, निलेश दोनदा त्यांच्यापर्यंत गेला आणि दोनदा परत फिरला. दुसऱ्या वेळी सुभद्राकाकी दारात आली. "काय रे, फेऱ्यो कित्याक मारतस? पोटात दुखता काय?" काका हसले, "प्रेमात पडलो असतलो." निलेशही हसला. सांगायचं राहिलं.

शुक्रवारी त्याने स्वतःशी ठरवलं, शनिवारी शेठला सांगायचं की मीच सेटिंगमध्ये घोळ घातला होता, जुना ड्रायव्हर होता, आता ठीक केला. नाव माझं. मेघना वाचेल, काका वाचतील. मग आरामात काकांना समजावू. हा विचार करून त्याला रात्री झोपही लागली.

शनिवारी सकाळी तो दुकानात पोचला तेव्हा शेठ आधीच पोटमाळ्यावर होता. मेघना भिंतीला टेकून उभी. काका खिडकीशी स्टुलावर.

"ये," शेठ म्हणाला. "हे काय आहे?"

रात्री लाइट गेलेली. एरवी रात्रंदिवस चालू असणारा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि सकाळी शेठने स्वतः चालू केला होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात एकाखाली एक दोन नावं. दुकान. लवू.

निलेशने नावं वाचली. बावीस ठिकाणची मशीनं सांभाळणारा तो, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नव्हती. मशीन नव्याने चालू झालं की सगळी नावं दिसतात.

शेठने 'लवू'वर क्लिक केलं. पासवर्ड नव्हताच. स्क्रीन उघडली आणि पोटमाळा पिवळा झाला.

"वा!" शेठ म्हणाला. "मी तुला कुलूप लावायला सांगितलं, तू मागचं दार काढून दिलंस. आणि नाव कोणाचं टाकलंस? काकांचं? म्हणजे पकडला गेलास तरी म्हाताऱ्यावर ढकलायला बरं. तुम्ही दोघं मिळून करता काय हे?"

"शेठ, मी काही..." मेघना पुढे आली.

"तू गप. तुझा हिशोब झालाय. आणि तू," निलेशकडे बोट, "तुला ह्या माणसाने रस्त्यावरून उचलला ना रे? त्याचं नाव वापरताना काही वाटलं नाही?"

निलेशने ठरवलेलं सगळं तोंडापर्यंत आलं. मीच केलं, जुना ड्रायव्हर. पण ते आता बोललं तर मेघनाही त्यातच जाणार होती, शेठने दोघांना एकाच गाठीत बांधलं होतं. आणि न बोललं तर? त्याने मेघनाकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शेठ, ऐका," काका स्टुलावरून उठले. "पोरग्याक बोलू नका. खातं माझंच आहे. मीच त्याला सांगितलं. मला पांढऱ्याचा त्रास होतो."

शेठ थांबला. "मग हे फोटो?"

"फोटो बरोबर आहेत. कॅमेऱ्याचा काहीतरी दोष असेल, नाहीतर लोकांचे मोबाइल हलके. शेड मी बघितलाय."

शेठने परत आलेल्या साड्यांतली एक ओढली, काकांच्या हातात दिली. 'दुकान' खातं उघडलं, स्वच्छ पांढरं, आणि तिचाच फोटो लावला. "मग तुम्हीच सांगा काका. सगळ्यांसमोर सांगा. म्हणजे विषय संपला."

शेठचा त्यात कावा नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की काका आता दोष कॅमेऱ्यात आहे का पोरांत आहे ते सांगतील आणि सगळं उलगडेल.

काकांनी साडीचा पदर चिमटीत धरला. खिडकीशी गेले. मान तिरकी केली. दोन श्वास. गिरणीत असंच बघत असतील. "मरून," म्हणाले.

बरोबर होतं.

मग ते स्क्रीनसमोर आले. डोळे बारीक केले. पाणी सुटलं, पुसलं. परत बघितलं. खाली रस्त्यावर कोणीतरी टेम्पोवाल्याशी भांडत होतं, तेवढाच आवाज.

"फोटो पण मरून."

मेघनाने तोंडावर हात ठेवला. शेठचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याने फोटोकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि आता तो काय बोलेल याची निलेशला भीती वाटली. शेठने बोलायच्या आत कोणीतरी बोलायला पाहिजे होतं. आणि ते कोण, हे निलेशला चार दिवस माहीत होतं.

"काका," तो म्हणाला. "जांभळा आहे."

"काय?"

"फोटो जांभळा आहे. मरून नाही. सगळेच तसे आहेत."

काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. जसं काही हाताला कळेल. "जांभळो?"

"हो."

"पोरी," काका मेघनाकडे वळले. "तू सांग."

मेघनाला रडू येत होतं. "जांभळा आहे, काका."

काकांनी साडी खाली ठेवली. नुसती टाकली नाही, घडीवर घडी घालून ठेवली. मग निलेशला विचारलं, "तुका कधी कळला?"

"मंगळवारी."

"मंगळवारी कळला, आणि तू माका खाता उघडून दिलंस?"

"तुमच्यासाठीच केलं मी."

"माझ्यासाठी?" काकांचा आवाज चढला नाही. चढला असता तर निलेशने झेलला असता. "चार दिवस मी हयसर बसान पास, पास म्हणतंय. चुकीचो माल माझ्या नावान भायर गेलो. ह्या पोरीची नोकरी जाऊक लागली. आणि तुका ठाऊक होता. डोळे गेले तर गेले रे. माझो शेड चुकता ह्या माका सांगूक नको होता?"

मारामारीत निलेश कधी मागे हटला नव्हता, आज त्याला हात कुठे ठेवायचे ते कळेना.

शेठ खुर्चीत बसला. साडीकडे बघत म्हणाला, "काका, डोळे दाखवून घ्या. ऑपरेशन करून घ्या. मग बघू."

मग बघू. गिरणीला टाळं लागलं तेव्हा साहेबही गेटवर हेच म्हणाला होता, हे काकांनीच निलेशला सांगितलेलं. काकांनी मान हलवली.

"मेघना, तू कामाला लाग," शेठ म्हणाला. सॉरी वगैरे नाही. "आणि निलेश, ते खातं उडव. मग तुझं इथलं काम संपलं. नवीन माणूस बघतो मी."

निलेश बसला. खातं काढायला गेलं की मशीन एकदा विचारतं, नक्की ना? यातलं सगळं जाईल. त्याचं बोट माउसवर थांबलं. काका मागे उभे होते.

"उडव," काका म्हणाले.

---

रविवारी समोरचं दार दिवसभर बंद. एरवी ते दार कधी बंद नसायचं, चाळीत कोणाचंच नसतं. निलेशच्या आईने विचारलं, काय झालं रे, तर त्याने तिलाही झापलं आणि मग गच्चीवर जाऊन बसला.

सोमवारी सकाळी सात वाजता तो त्या दारात उभा होता. परळच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलला आठच्या आत नंबर लावावा लागतो, हे त्याने आदल्या दिवशी जाऊन विचारून ठेवलं होतं.

दार सुभद्राकाकीने उघडलं. काका आत खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

"चला काका."

"ह्याका सांग," काका भिंतीला म्हणाले, "मी येऊचंय नाय."

"मी इथेच उभा आहे. संध्याकाळपर्यंत उभा राहीन. कामधंदा तसाही गेलाय एका ठिकाणचा."

"ह्याका सांग, उभो रव."

"दोघांक पण सांगूचा नाय माका काय," काकी म्हणाली आणि खुंटीवरची पिशवी काढून त्यात जुने कागद, आधार कार्ड, पाण्याची बाटली कोंबायला लागली. "रोज सकाळी मिठाच्या डब्यात हात घालून चाय पावडर शोधतत. मी काय आंधळी हंय? माका दिसणा नाय? तुमची घमेंड सांभाळीत बसलंय मी वरीसभर. उठा!"

काका उठले. सदरा घातला, बटण एक वर एक खाली लागलं. निलेशने हात पुढे केला सरळ करायला, काकांनी तो झटकला आणि स्वतःच चाचपून नीट लावलं. चप्पल पायाने शोधली.

तीन जिने. काका कठड्याला धरून उतरत होते, निलेश एक पायरी पुढे. दुसऱ्या मजल्यावर काका थांबले, दम घ्यायला.

"ती पोरगी आज फोटो काढतली."

"हो. नवीन माल आलाय शुक्रवारचा."

"शेड कोण बघतलो?"

"कोणीच नाही. तीच काढणार, तीच लावणार."

काकांनी कठडा पुन्हा धरला. मग म्हणाले, "तिका फोन लाव. सांग, साडी खिडकीशी ने. उत्तरेच्या. लाइटाखाली बघू नको, लाइट फसवता. आणि कोणी काय बोलला तरी आपल्या डोळ्यांक जा दिसता ताच बोल."

निलेशने फोन लावला. मेघनाने उचलला. तिला सगळं शब्दाला शब्द सांगितलं. ती म्हणाली, "काकांनाच दे ना."

त्याने फोन पुढे केला. काकांचा हात फोनच्या जरा बाजूला गेला, हवेत. निलेशने त्यांचा हात धरला आणि फोन त्यात ठेवला. या वेळी काकांनी तो झटकला नाही.

"बोल गो," ते फोनवर म्हणाले आणि दुसऱ्या हाताने निलेशला ढकललं. "आणि तू काय बघतस? उतर. नंबर जायत."